सात नंबरच्या टाकीतला धूर

वंदनाताई,

तुमचा स्टीलचा पेला अजून टेबलावरच आहे. चाखून थुंकायचा. मी तो धुतलेला नाही. तळाशी जांभळाचा थेंब सुकून शाईसारखा काळा झाला आहे. रोज सकाळी शेडचं कुलूप काढते, टाक्यांच्या रांगेतून झाडू मारते, टेबल पुसते, पेल्याभोवती फडकं फिरवते आणि पुढे जाते. तुम्ही गेल्याला बारा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. गावातल्या बायका बघतात, ही रडत कशी नाही म्हणून. मी तरी काय सांगू? हात चालतात. बाकी काही चालत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दोन वर्षं राहिली. तोंडाने जमलं नाही, म्हणून लिहिते. चौथीनंतर माझं लिहिणं सुटलंच होतं, ते तुम्ही पाट्या लिहायला लावून परत धरायला लावलंत. तर तेच कामी येतं आहे.

सात नंबरच्या टाकीत धूर शिरला तो माझ्या फुलांमुळे. सगुणाबाईच्या नाही.

लिहिलं एकदाचं. आता बाकीचं सांगते.

तुम्ही शाळेतली नोकरी संपवून ब्रह्मपुरीच्या बाहेरची ही बंद पडलेली धानाची गिरणी घेतली, तेव्हा लोक हसले होते. मोहाची आणि जांभळाची वाइन. मोहाची तर घरोघरी चोरून निघते, तिला बाटलीत भरून कोण विकत घेणार, म्हणत होते. तुमचे भाऊ सगळ्यांत जास्त चिडले. सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी दारू गाळायची, असं ते माझ्यासमोर म्हणाले होते. मी तेव्हा नवी होते, कोपऱ्यात टाकी घासत होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "गाळत नाही, आंबवते. आणि गिळत नाही, थुंकते."

ते खरं होतं. इतक्या वर्षांत तुमच्या घशाखाली एक घोट उतरलेला मी पाहिला नाही. तोंडात घ्यायच्या, बोटांवर दहा मोजायच्या, पेल्यात थुंकायच्या. मग पाणी. मग वहीत दोन ओळी. पाहुणे हसायचे. तुम्ही त्यांना समजावत बसला नाहीत.

आणि मी पण पीत नव्हते. माझं सासर नदीच्या पलीकडे, आरमोरीकडचं. तिकडे दारूबंदी. बंदी असून माझा नवरा प्यायचा आणि पिऊनच गेला. त्यानंतर मी मनाशी ठरवलं की या वस्तूला तोंड लावायचं नाही. माहेरी परत आले आणि काम मिळालं ते वाइनच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "चाखशील?" मी म्हटलं, "नाई." तुम्ही म्हणालात, "काऊन?" मी म्हटलं, "नवरा त्याच्यानंच मेला." तुम्ही माझ्या हातातला ग्लास काढून घेतलात आणि त्याच्या जागी झाडू दिलात. त्या दिवशी मला तुम्ही आवडलात.

तरी दरवर्षी एकदा विचारायच्या. पहिली टाकी उघडली की माझ्याकडे बघून, "यंदा?" मी नाही म्हणून मान हलवायची. बस, तेवढंच.

एक थुंकते, एक नुसता वास घेते, आणि दोघींच्या भरवशावर वाइन चालते, असं तुम्ही एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होता. मी ऐकलं. मला बरं वाटलं, पण मी भांडी जोरात घासली, ऐकलं नाही असं दाखवायला.

जेवणाचं कसं सुरू झालं ते आठवतं का? नागपूरहून ते चौघे आले होते. तुम्ही त्यांच्यासाठी विकतचं चीज आणि बिस्किटं आणली होती. एप्रिल महिना. चीजला घाम फुटला. एकानेही हात लावला नाही. मी मागे कामाच्या बायांसाठी कोथिंबीर भरून सांबारवड्या तळत होते. पाहुण्यांपैकी एक बाई वासाने मागे आली. नागपूरचीच ती, तिला सांबारवडी काय हे सांगावं लागलं नाही. तिने मोहाच्या वाइनचा ग्लास हातात धरूनच एक वडी खाल्ली, मग दुसरी. मग बाहेर जाऊन बाकीच्यांना घेऊन आली. तुम्ही दारात उभ्या होता. तुमचा चेहरा असा झाला होता, जशी पोरीची गणिताची वही तपासताना उत्तर बरोबर निघावं पण रीत वेगळी असावी.

ते गेल्यावर विचारलंत, हे तुला कसं कळलं. मला कळलं नव्हतं, मी तर चहासोबत तळल्या होत्या. पण मग मी ग्लासाचा वास घेतला आणि सांगितलं, हिच्यात मनुक्याचा वास आहे, गोड आहे, हिला तिखट पाहिजे. तुम्ही दुसरा ग्लास पुढे केलात, जांभळाचा. मी म्हटलं, ही तुरट आहे, हिला तेल पाहिजे, गावरान कोंबडीचा रस्सा पाहिजे. तुम्ही म्हणालात, मटण. मी म्हटलं, कोंबडी. दुसऱ्या दिवशी दोन्ही शिजवायला लावलंत. शेवटी तुम्ही वहीत लिहिलंत, कोंबडी. लाखोळीच्या डाळीचे वडेही जांभळासोबत जातात, ते पण लिहिलंत. पण मटण खोडलं नाहीत. हार मानायची तुमची पद्धत तीच होती.

मग पाट्या आल्या. छापून घेऊ नका, सायत्रा लिहील, असं तुम्हीच ठरवलंत. पुठ्ठ्याची पाटी, वर टाकीचा नंबर, मग वाइनचं नाव, मग कशासोबत खायची, आणि खाली फुलं कोणी वेचली त्या बायांची नावं. प्रत्येक गावाची फुलं वेगळी, प्रत्येक गावाची टाकी वेगळी. हे कोणी करत नाही म्हणतात. पाहुण्यांसमोर तुम्ही पाटी वाचायच्या तेव्हा बायांची नावंही वाचायच्या, शाळेच्या हजेरीसारखी. मी मागे स्वयंपाकघरात असायची. माझं नाव आलं की हातातलं काम थांबायचं.

सात नंबर आमच्या गावाची. आधी तिलाही पाटी असायची, धूर शिरल्यापासून नाही.

तुमचा नियम होता, मोहाच्या झाडाखाली पाला जाळायचा नाही. जाळी बांधायची, फुलं जाळीत पडू द्यायची. तुम्ही हिरव्या जाळ्या आणून दिल्या होत्या. पण जाळी बांधायला दोन माणसं लागतात, आणि माझं झाड गावापासून लांब, नाल्याच्या काठी. त्या आठवड्यात शेजारच्या गावात वाघाने गाय मारली होती. पहाटे मी एकटी तिथे गेले. झाडाखाली गुडघ्याएवढा पाला. त्यात काय बसलं आहे ते दिसत नव्हतं. मी काडी लावली. पाला जळाला, जमीन मोकळी झाली, चहूकडे दिसायला लागलं. मग जीव थोडा थाऱ्यावर आला. वरून फुलं पडतच होती, दवाने ओली, गरम राखेवर. मी ती भराभर वेचली आणि घरी आले. तीन दिवस असंच केलं. सुकवून पोत्यात भरली आणि सगळ्यांच्या फुलांत ओतली.

सुकलेल्या मोहाचा स्वतःचाच वास इतका जाड असतो की त्यात धूर लपला. आंबायला लागल्यावर वर आला. तुम्ही सात नंबरची चव घेतलीत आणि दहा मोजायच्या आधीच थुंकलात.

गावातून फुलं देणाऱ्या आम्हा चौघींना बोलावलंत. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. चौघींकडे बघितलंत आणि म्हणालात, "सगुणा, तू?"

सगुणाबाईच कारण ती सगळ्यांत जास्त बोलायची. जाळ्यांवर हसायची. मोह काय मासा हाय, जाळ्यात धराले, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच गेल्या. ती म्हणाली, "तुमाले वाटते तर वाटू द्या." आणि पदर खोचून निघून गेली. त्यानंतर तिने इथे फुलं आणली नाहीत. व्यापाऱ्याला देते.

मी तिथेच उभी होते. मी बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे माझ्या न बोलण्यात कुणाला काही दिसलं नाही.

सांगायचं मी खूपदा ठरवलं. एकदा तुमच्यासोबत नागभीडला जांभळं बघायला गेले होते तेव्हा वाटेत सांगणार होते. तुम्ही गाडीत झोपलात. एकदा तुम्ही माझ्या हातचं भरीत खात होता तेव्हा. पण तुम्ही म्हणालात, झकास झालं आहे, आणि मग मला ते नासवावंसं वाटलं नाही. सगुणाबाई गावात भेटायची. काही झालंच नाही अशी बोलायची. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब आणून द्यायची, घे वास्ते, भाजी कर. मी घ्यायची. भाजी करायची. खायची. घशाखाली जायची ती.

मग मी आडून बोलायला लागले. म्हटलं, सात नंबर ओतू नका, ती सुक्या झिंग्यांसोबत जाईल. तुम्ही म्हणालात, धूर हा दोष आहे. मी म्हटलं, भरिताचं वांगं तुराट्यांवर भाजता, त्यात धूरच तर आवडीने खाता. तुम्ही म्हणालात, तो धूर आपण घालतो, हा आपोआप शिरला, न सांगता आलेला तो दोष. मी गप्प झाले. तुम्हाला वाटलं मी वादात हरले.

असं दोन वर्षं चाललं. तुम्ही टाकी ओतलीही नाहीत आणि उघडलीही नाहीत. नागपूरच्या दवाखान्यात जायच्या दिवशी, गाडीत बसताना, म्हणालात, "सात नंबर आल्यावर बघू. झिंगे आणून ठेव."

मी आणून ठेवले. डब्यात आहेत.

पुण्यानुमोदनाला मी मागच्या रांगेत बसले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या. भन्तेजींच्या मागून सगळ्यांनी पंचशील म्हटलं. दारूपासून दूर राहायच्या पाचव्या शीलापाशी काही माणसं एकमेकांकडे बघत होती, मी पाहिलं. त्यांना वाटलं असेल, हिच्यासाठी हे कसं म्हणायचं. त्यांना काय माहीत. तुमच्याइतकं ते कोणी पाळलं नसेल. रोज तोंडात घेऊन पाळायच्या तुम्ही. मला उठून सांगायचं होतं. मी उठले नाही. खीर वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी तुमचे भाऊ शेडमध्ये आले. ते बदलले आहेत थोडे. टाक्यांवरून हात फिरवत होते, गुरांच्या पाठीवरून फिरवावा तसा. शेडचं पुढे काय ते त्यांचं ठरलेलं नाही. महिन्याभरात मोह पडायला लागेल, बाया विचारतात, यंदा फुलं घेणार का. भाऊ म्हणाले, बघू. सात नंबरपाशी आले आणि विचारलं, हिला पाटी का नाही. सोबतच्या माणसाने सांगितलं, ती बिघडलेली आहे. भाऊ म्हणाले, मग सोमवारी ओतून टाका, टाकी तरी रिकामी होईल.

मी म्हटलं, "ओतू नका."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. भाऊ वळून म्हणाले, "काऊन?" मी म्हटलं, ताईंनी आल्यावर बघू म्हटलं होतं. ते म्हणाले, "ती तर नाई येत आता. तूच पाहून घे. सोमवारपर्यंत."

म्हणून मी सगुणाबाईकडे गेले. ती अंगणात झाडू बांधत बसली होती. मी बसलेही नाही. म्हटलं, "सगुणाबाई, ती आग मी लावली होती."

"कोणती आग?"

"सात नंबरची. तुमच्यावर आलं ते माझं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. दोरी दातात धरून तिने गाठ मारली. मग म्हणाली, "जाळलं तं मी बी होतं. सगळ्याईनंच जाळलं होतं. जाळल्याबिगर मोह वेचाले कोण जाते? पायाशी अस्वल बसून राह्यलं तरी दिसत नाई."

मी म्हटलं, मग तुम्ही ताईले सांगतलं काऊन नाई.

"तिनं इचारलं का, कोणी जाळलं? इचारलं, सगुणा, तू? चौघीत माझंच नाव. मंग मी काऊन सांगू?" मग झाडू बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "पण माझ्या फुलाले धूर नाई लागत. जाळलं का एक दिवस जाऊ द्याचा. राख थंडी झाली, वारा फिरला, मंग वेचाचं. तू त्याच दिवशी वेचले काय?"

"हो."

"काऊन?"

"भेव लागे."

ती हसली. "दोन वर्षं मी फुकट फुगून राह्यली, आन् तू फुकट सुकून." थोड्या वेळाने म्हणाली, "बाई गेली. तिले बोलाचं होतं मले." मग उठली, लुगडं झटकलं. "चाल. काय झालं त्या टाकीत, पाहू तं खरं."

शेडमध्ये मी आधी शेगडी पेटवली. झिंगे भाजले, कांदा चिरला, लाल मिरचीची चटणी वाटली. मग सात नंबरची तोटी उघडली. रंग चांगला आहे ताई. फिक्या मधासारखा, गढूळ अजिबात नाही. सगुणाबाईने ग्लासात बोट बुडवून जमिनीवर थेंब शिंपडले. तिच्या घरच्या बुढ्याबाढ्यांची नावं घेतली, तोंडातल्या तोंडात. शेवटी एक थेंब आणखी. "हे वंदनाताईले."

मी म्हटलं, ताई पीत नव्हत्या.

"माहीत हाय मले. म्हणून एकच टाकला."

तिने घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाली, धूर हाय, पण आमच्या बुढ्याच्या घरी लागे तसा, वाईट नाई. झिंगे खाल्ले, परत घेतली. परत झिंगे घेतले.

मी ग्लासाचा वास घेत होते. नेहमीसारखा. मनुका होती, धूर होता, आणि धुराच्या मागे ती पहाट होती, गरम राख, पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटणारं ते झाड. पण भाऊंना वास सांगून कसं चालेल? चव कोणीतरी सांगायला हवी, आणि सगुणाबाईच्या एका शब्दावर ते ऐकणार नाहीत. म्हणून मी टेबलापाशी गेले, तुमचा पेला घेतला, आणि सात नंबर तोंडात घेतली.

दहा मोजले. बोटांवर, तुमच्यासारखे. चौथ्यापर्यंत गोड आहे. मग धूर येतो आणि जिभेच्या मागे कडू धरून बसतो. सातव्याला वाटलं, गिळली जाईल. नवरा आठवला. आठ, नऊ, दहा. थुंकले. पेल्यात, तुमच्या त्या काळ्या थेंबावर. मग एक झिंगा खाल्ला आणि पुन्हा तोंडात घेतली. यावेळी कडू नव्हतं. झिंग्याच्या खारटपणाने ते ओढून घेतलं होतं. पुन्हा थुंकले.

तर ताई, वादाचं सांगते. नुसती तोंडात घेतली तर दोष आहे. तुम्ही बरोबर. झिंग्यांसोबत जाते. मी बरोबर. मटणासारखंच, कोणाचं काही खोडायला नको.

आणि यंदा चाखली. तुम्ही विचारायला नव्हता, तरी.

सगुणाबाई अजून बसली आहे, उरलेले झिंगे संपवत. डोळे पुसते आहे, धुराने म्हणते. शेगडी तर केव्हाच विझली. माझे डोळे कोरडेच आहेत. होईल तेव्हा होईल.

सोमवारी भाऊ येतील. त्यांना दाखवायला पाटी लिहून टाकीला लावली आहे. अक्षर थोडं वाकडं आलं आहे, पण नावं सगळी नीट आहेत.

सात नंबर. मोह. भाजलेल्या सुक्या झिंग्यांसोबत. फुलं: सगुणा, रेखा, पारबता, सायत्रा. धूर: सायत्रा.